चावीच्या भोकातली कुंभारीण

अलेक्झांड्रा, न्यूझीलंड,
रविवार, ३० एप्रिल २००६

प्रिय प्रणिता,

पहिली ओळ काय लिहावी यातच माझी अर्धी सकाळ गेली. तू खुशाल असशील, असं लिहिणार होते. पण तू खुशाल नाहीस हे मला ठाऊक आहे, मग उगाच कशाला लिहायचं? तुझी मावसबहीण सिद्धी गुरुवारी फोनवर म्हणाली की आता तू दोन घास जास्त जेवतेस आणि संध्याकाळी तिच्या लेकीला घेऊन टौरंगाच्या समुद्रावर जातेस. तेवढं ऐकून बरं वाटलं. वारा असतो म्हणे तिथे, कानाला काहीतरी बांधत जा. बघ, लगेच सासूपणा सुरू झाला माझा. सोडून दे.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. जाताना तू दारात मला म्हणाली होतीस की या घरात परत यायची भीती वाटते, आणि ती माश्यांची नाही, स्वतःचीच वाटते. ज्या बाईला स्वतः फोन केला की नुसता करायचं ठरवलं हेही आठवत नाही, तिने घर काय सांभाळायचं आणि मूल काय सांभाळायचं, असं म्हणाली होतीस. मी तेव्हा तुझ्या बॅगेची चेन लावत होते. ती लागत नव्हती म्हणून मी खाली बघत होते असं तुला वाटलं असेल. ती केव्हाच लागली होती. अक्षत दर रविवारी तुला फोन करतो आणि तू म्हणतेस की चूक माझीच होती. त्यावर तो 'नाही गं' म्हणत नाही. मी स्वयंपाकघरात असते, मला ऐकू येतं. आता सिद्धी सांगते की तू तिकडेच नोकरी बघते आहेस. म्हणून म्हटलं, आता लिहायलाच हवं.

इकडची खबर आधी सांगते, म्हणजे हाताला जरा वळण लागेल. परवा पहिलं कडक दहिवर पडलं. सकाळी गवत इतकं कुरकुरत होतं की मी चप्पल घालून उगाच दोन फेऱ्या मारल्या. शेजारच्या बाईंनी क्विन्स नावाचं फळ दिलंय, कच्चं खाल्लं तर तोंड आवळून येतं. मी त्याचा मुरंबा केला. अक्षत एक चमचा खाऊन 'स्वीट ॲज', म्हणजे इथल्या बोलीत झकास, म्हणाला आणि बरणी मागे सरकवली. समोरच्या डोंगरावरचं ते वासाचं झुडूप, थाइम, आता पार वाळलंय. या भागाला इथले लोक अर्धं वाळवंट म्हणतात ते मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. वर्षाला तेरा-चौदा इंच पाऊस, उघडे खडक, धूळ, आणि मधूनच क्लूथा नदीची हिरवी रेघ. पहिल्यांदा आले तेव्हा तुम्हा दोघांना वाटत होतं, आईला परकं वाटेल. मला तर माहेरी, दहिवडीला आल्यासारखं झालं. फक्त माणसं गोरी आणि मेंढ्या जाड.

आणि दहिवडीची म्हणून मला घरात काय फिरतंय ते बघायची सवय आहे. आमच्याकडे चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही, विंचू असायचा. रांजणाच्या ओलीला गांधीलमाश्या यायच्या. कोरड्या मुलखात पाणी असेल तिथे नांगी असते, एवढं आम्हाला शाळेत जायच्या आधी कळायचं. इथे आल्यावर अक्षतने मोठ्या अभिमानाने सांगितलं की न्यूझीलंडात साप नाही, विंचू नाही, आई तू बिनधास्त अनवाणी फिर. मी फिरलेही. जर्दाळूच्या बागांसाठी ठेवलेल्या पेट्यांमधल्या मधमाश्या आपल्या नळावर पाणी प्यायला यायच्या, त्यांच्याशी माझी ओळख झाली. लव्हेंडरवर ते केसाळ, गोल भुंगे यायचे, त्यांना तू बंबलबी म्हणायचीस आणि मी लठ्ठोबा. तुला आठवत असेल, एक लठ्ठोबा माझ्या पदरात शिरला होता आणि तू चहा सांडेपर्यंत हसली होतीस.

डिसेंबरात मागच्या लाँड्रीच्या दाराच्या चावीच्या भोकात मला कुंभारीण माशी दिसली. आपल्याकडची असते तशीच, बारीक कमरेची, काळी, फक्त लहान. तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन यायची, भोकात शिरायची आणि आतून बारीक सनईसारखा आवाज यायचा. दोन दिवसांत तिने भोक लिंपून गुळगुळीत केलं. अक्षतची चावी आत जाईना. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला तेव्हा मी त्याच्या हातातून तो काढून घेतला आणि आतली कडी आहे की, असं म्हटलं. तुम्ही दोघं हसलात. मी का अडवलं ते सांगितलं नाही. आमच्याकडे मानतात की कुंभारणीने घरात घर बांधलं की त्या घरात पाळणा हलतो, आणि पाळणा हलेपर्यंत तिच्या मातीला हात लावायचा नाही. सहा वर्षं डॉक्टरांच्या खेपा घालून थकलेल्या मुलीला असलं काही सांगणं म्हणजे तिच्या दुखण्यावर बोट ठेवणं, असं मला वाटलं. म्हणून माझं मीच मनात ठेवलं आणि रोज सकाळी ते भोक बघून यायला लागले.

एक गोष्ट अक्षतलाही कालपर्यंत माहीत नव्हती, ती तुला सांगते. अक्षतच्या आधी मला दिवस गेले होते. साताऱ्याच्या घरात माजघराच्या तुळईला कुंभारणीचं घर होतं. दिवाळीची झाडझूड चालली होती, सासूबाईंनी लांब झाडूने ते खरवडून काढलं. मी बघत होते, नवी सून, बोलायची सोय नव्हती. त्यानंतर बाराव्या दिवशी माझं सगळं संपलं. सासूबाईंनी मला महिनाभर अळिवाची खीर करून घातली, वेणी घालून दिली, आणि मी मात्र त्या बाईला त्यांच्या मरणापर्यंत मनातून क्षमा केली नाही. पोस्टातली नोकरी, हिशेबाला पक्की, सगळ्यांना शास्त्र शिकवणारी मी, पण हे एक माझ्या आत तसंच राहिलं. दुःखाला कारण लागतं ना गं. मला एक झाडू मिळाला, तो मी चाळीस वर्षं धरून ठेवला.

संक्रांतीला तू तिळगूळ देताना माझ्या कानात सांगितलंस. तू आधी अक्षतला सांगितलंस आणि लगेच मला, फोनवर स्वतःच्या आईला सांगायच्याही आधी, हे मी विसरलेले नाही. मी तुला जवळ घेतलं आणि तुझ्या खांद्यावरून माझी नजर लाँड्रीच्या दाराकडे गेली. मला वाटलं, आली गं बाई, पावली. त्या दिवसापासून मी त्या दाराची राखण करायला लागले. तिथली जळमटंसुद्धा काढू दिली नाहीत. तुला उलट्या होत होत्या, वास सहन होत नव्हते, तू गाडीच्या चाव्या फ्रिजमध्ये ठेवत होतीस आणि दूध कपाटात, आणि आपण तिघंही त्यावर हसत होतो. घरात इतकं हसू मी पुष्कळ वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग फेब्रुवारीत त्या पिवळ्या आल्या. त्याच भिंतीला, लाँड्रीच्या दारापासून चार हातांवर, बागेच्या पाइपाचं चाक आहे ना, त्याच्या वर वळचणीखाली फळीत फट आहे. तिथून आत-बाहेर, आत-बाहेर. आधी पाच-सहा, मग मोजता येईनात. तू बघितल्यास, ऑफिसातल्या कुणाला तरी विचारलंस आणि संध्याकाळी म्हणालीस की या जर्मन वास्प आहेत, भिंतीच्या आत पोळं करतात, हीप्स, म्हणजे ढिगाने असतात, माणूस बोलवायला हवा. मला फरक कळला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या लहानपणापासून मी गांधीलमाशी ओळखते. कुंभारीण एकटी असते, कुणाच्या वाटेला जात नाही. या झुंडीने होत्या, आणि मटणाच्या दुकानातल्या माश्यांसारख्या कचऱ्याच्या डब्यावर बसत होत्या. मला कळत होतं की या वेगळ्या आहेत. पण माणूस आला की तो औषध काय या फटीत मारेल आणि चार हातांवरचं ते भोक सोडून देईल? सगळी भिंत धुऊन काढेल. माझ्या डोळ्यांपुढे तो लांब झाडू आला.

मंगळवारी, एकवीस फेब्रुवारीला, सकाळी साडेदहाला तो माणूस आला. तू आणि अक्षत दोघंही कामावर होतात. पांढरी व्हॅन, गुडघ्यापर्यंतचे मोजे, अर्धी चड्डी, साठीचा असेल, चेहरा उन्हाने तांबडा झालेला. 'किया ओरा' म्हणून नमस्कार केला, तुझं नाव एका कागदावरून वाचून दाखवलं, प्रानीटा असं काहीतरी. तू त्याच्या फोनच्या मशीनवर ठेवलेल्या निरोपामुळे तो आला होता. मी दारात आडवी उभी राहिले. माझं इंग्रजी तुला माहीतच आहे. मी म्हटलं, नो, नॉट टुडे, आणि पोटावर हात ठेवून म्हटलं, डॉटर, बेबी. त्या भल्या माणसाला वाटलं की घरात गरोदर बाई आहे म्हणून मला औषधाची भीती वाटतेय. त्याने मान डोलावली, नो वरीज म्हणाला, बोटाने त्या फटीकडे दाखवून तिकडे जाऊ नका असं खुणेने दोनदा सांगितलं, हवं तेव्हा फोन करा म्हणून कार्ड दिलं आणि त्यावर तारीख लिहिली. मी त्याला शंकरपाळे दिले. तो गेल्यावर ते कार्ड साबुदाण्याच्या डब्यात खाली घातलं, कारण तू साबुदाणा खात नाहीस. ते कार्ड या पत्राला टाचणीने लावलंय.

दोन-तीन दिवसांनी तू मला विचारलंस की आई, तो माणूस आला होता का. मी पोळी लाटत होते. मला नाही बाई माहीत, असं मी म्हटलं. इतकं सहज निघालं तोंडातून. माझ्या मनात होतं की तिसरा महिना पुरा होऊ दे, मग मीच सांगेन. तिसरा पुरा झाला. मग वाटलं, होळी होऊ दे, आठवडाच आहे. तुला त्या भिंतीकडे जाऊ द्यायचं नाही म्हणून झाडांना पाणी मीच घालायला लागले, बादलीने. तुला वाटायचं, आई किती माया करतात. माया होतीच गं. ती खोटी नव्हती.

अकरा मार्चच्या शनिवारी मला उठायला उशीर झाला. गुडघा धरला होता, एवढंच कारण. तू म्हणालीस, आज पाणी मी घालते. मी चहाचं आधण ठेवलं होतं, खिडकीतून बघते तर तू ते पाइपाचं चाक गरागरा फिरवत होतीस. मी हाक मारली. खिडकी बंद होती. पुढचं तुला मी काय सांगू, ते तुझ्या अंगावर झालं. तुला आठवत नाही ते एवढंच की तू गवतावर पडलीस, ओठ सुजून तुझा चेहरा ओळखू येईना, आणि मी मूर्खासारखी तुझ्या मानेवर कांदा चोळत होते. अक्षतने एकशे अकराला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली म्हणून तू वाचलीस. माझ्या हाती असतं तर मी कांदाच चोळत बसले असते.

पाचव्या दिवशी बाळ गेलं. डॉक्टरीणबाई फार समजुतीने बोलल्या होत्या. काही माणसांच्या शरीराला ते विष सोसत नाही, तू त्यातली आहेस, आणि हे आधी कळायला मार्ग नव्हता. बाळ त्यामुळे गेलं की जाणारच होतं, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. अक्षतने ते ऐकलं आणि घरी येऊन पहिला प्रश्न तुला विचारला, की तू नक्की फोन केला होतास का. केला होता म्हणालीस. मग तो आला का नाही, असं तो म्हणाला. कुठल्या नंबरवर केला, काय निरोप ठेवला, किती तारखेला. वकिलासारखा विचारत होता. इथे लोकल फोनचे आकडे बिलावर येत नाहीत, त्यामुळे पुरावाही नाही. तू म्हणालीस, मला वाटतं केला होता. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, कदाचित करायचा राहिला असेल, तेव्हा मी सगळंच विसरत होते. तो म्हणाला, चाव्या फ्रिजमध्ये ठेवायचीस तू. तेव्हा कुणीही हसलं नाही. मी त्याच टेबलाशी बसून मटार सोलत होते. एक वाटी मटार सोलून होईपर्यंत तुझा स्वतःवरचा विश्वास माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि मी सोलत राहिले. त्या माणसाला फोन करून विचारावं हे तुम्हा दोघांना दुःखात सुचलं नाही. मला सुचलं होतं.

तू गेल्यावर दुसरा कुणी माणूस येऊन भिंतीतलं पोळं काढून गेला. भोपळ्याएवढं मोठं, राखाडी कागदाचं. लाँड्रीच्या दाराकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, त्याला त्या फटीपुरतंच काम होतं. म्हणजे त्या मंगळवारी आलेल्या माणसानेही पाहिलं नसतं. परवा मी विणायची सुई घेतली आणि ती माती स्वतःच्या हाताने फोडली. आत तिने पिल्लांसाठी साठवलेले पाच-सहा वाळके कोळी निघाले आणि थोडी भुकटी. मी दाराशी खाली बसले आणि चाळीस वर्षांनी सासूबाईंची माफी मागितली. त्या बिचारीने जाळी काढली होती, दुसरं काय केलं होतं? माझं बाळ तेव्हा जायचं होतं, ते गेलं. तिच्या माथी मी झाडू मारला आणि माझ्यापायी तुझ्या माथी तो न केलेला फोन आला. तिने निदान मला खीर करून घातली होती.

आता हे पत्र का, ते सांगते. काल सकाळी चहाच्या वेळी मी अक्षतपुढे ते कार्ड ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, की मी तिला टेबलाशी काय काय बोलत होतो ते तुला ऐकू येत होतं ना. मी हो म्हटलं. तो मागच्या पायरीवर जाऊन बसला, दुपारी आत आला तो फोनवरून टौरंगाचं तिकीट काढूनच. मी म्हटलं, जा आणि सांग तिला. तर म्हणाला, मी सांगितलं तर तिला वाटेल, तिला बरं वाटावं म्हणून रचून सांगतोय, तूच लिही, तुझ्या अक्षरात. पस्तीस वर्षं टपालखात्यात काढलेली मी आज पहिल्यांदा पत्र पोस्टात टाकत नाहीये, त्याच्याच हाती देतेय. तू हे वाचत असशील तेव्हा तो सिद्धीच्या दाराबाहेर उभा असेल. वाचून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही असं मी त्याला बजावलंय. त्याला आत घे, असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी त्या मटारांबरोबरच घालवला. माझा व्हिसा जुलैपर्यंत आहे. तुला घर माझ्याशिवाय हवं असेल तर मी त्याआधीच साताऱ्याला जाईन, सिद्धीकडून नुसता निरोप पाठव. मला क्षमा करायची की नाही ते सावकाश ठरव, नाही केलीस तरी चालेल, मी चाळीस वर्षं केली नव्हती. पण दार उघडायच्या आधी एवढं पक्कं लक्षात घे, पोरी. तुला काहीही चुकीचं आठवत नव्हतं. तू फोन केला होतास, आणि तो माणूस आला होता.

तुझीच, ज्या नात्याने तू ठेवशील त्या नात्याने,
विभावरी